मेंदूची वाढ आणि छाटणी

नवजात बाळाच्या मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम असते, प्रौढ माणसाच्या मेंदूचे १,३०० ते १,४०० ग्रॅम. मग मधल्या काळात चेतापेशींची संख्या वाढते का? नाही. मोठ्या मेंदूच्या बाह्य थरातल्या जवळजवळ सगळ्या चेतापेशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. वाढतात त्या पेशींच्या शाखा, त्यांना आधार देणाऱ्या पेशी आणि चेतातंतूंवरची मायलिनची आवरणे.

पेशींमधल्या जोडण्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पीटर हटनलॉकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या, वेगवेगळ्या वयांच्या मेंदूंतले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून या जोडण्या मोजल्या. १९७९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष चकित करणारे होते. मेंदूच्या पुढच्या भागात जोडण्यांची दाटी एक-दोन वर्षांच्या बाळात प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त होती! पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती कमी होत जाते. माळी झाडाची छाटणी करतो, तसेच हे. ज्या जोडण्या वापरात राहतात त्या बळकट होतात, बाकीच्या गळतात.

सगळ्या भागांची घडण एकाच वेळी पुरी होत नाही. पाहणे, हालचाल करणे यांचे भाग लवकर तयार होतात. कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. परिणामांचा विचार करणे, मनाला आवर घालणे ही त्याची कामे. नववीतल्या मुलाला ‘एवढेही कळत नाही?’ असे आपण रागाने विचारतो, तेव्हा हे ध्यानात असावे.

विशीनंतर दार बंद होते का? लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. कॅथरिन वुलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूंच्या प्रतिमा प्रशिक्षणाच्या सुरुवातीला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या तीन-चार वर्षांनी पुन्हा घेतल्या. जे ३९ जण परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांच्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागाच्या मागच्या बाजूतले करडे द्रव्य वाढलेले आढळले. अनुत्तीर्णांमध्ये तसा बदल दिसला नाही. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

उतारवयात मेंदू थोडा आकसतो, विचाराचा वेग मंदावतो. तरी शब्दसंग्रह बराच काळ टिकतो आणि नवे शिकणेही चालू राहते.

म्हणजे एखाद्या विद्यार्थ्यावर चौदाव्या वर्षी ‘मठ्ठ’ असा शिक्का मारताना आपण अजून घडत असलेल्या मेंदूबद्दल अंतिम निकाल देत असतो. तो वर्षभर कशाचा सराव करतो, हे बऱ्याच अंशी आपल्याच हाती असते.