प्रसूतिकक्षातील परिचारिका : मुलींसाठी एक जबाबदारीचा मार्ग

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पालक सल्ल्यासाठी आमच्याकडे येतात. डॉक्टर, इंजिनियर नाहीतर बँक, इथेच बहुधा चर्चा थांबते. नर्सिंगचे नाव काढले की चार इमलीतील आपल्या घरांत अजूनही नाके मुरडली जातात. म्हणून या अंकात आम्ही नर्सिंगच्या एका शाखेची, म्हणजे प्रसूतिसेवेची, माहिती देत आहोत.

मराठी समाजाला हे क्षेत्र नवे नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. त्या काळी नर्सिंग हलके काम समजले जाई. तरीही सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळवून दिले. आपल्या भोपाळमध्येही नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी दाईंच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले होते.

प्रसूतिकक्षातील परिचारिका केवळ डॉक्टरांच्या हाताखाली उभी नसते. कळा सुरू झाल्यापासून ती आईजवळ असते. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान आहेत ना, हे ती पुन्हा पुन्हा तपासते. प्रसूती कशी पुढे सरकते आहे त्याची आलेखावर नोंद ठेवते व धोका दिसताच डॉक्टरांना बोलावते. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव रोखण्यासाठी इंजेक्शन, वार पूर्ण पडल्याची खात्री, बाळाचा श्वास आणि पहिल्या तासातील स्तनपान हे सारे तिच्याकडे असते.

या कौशल्याची आपल्या प्रदेशाला फार गरज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्यप्रदेशात रुग्णालयातील प्रसूती २००५-०६ मध्ये सुमारे २६ टक्के होत्या, त्या २०१९-२१ मध्ये ९० टक्क्यांवर गेल्या. तरी २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे येथे १७३ मातांचे मृत्यू झाले. देशाची सरासरी ९७ होती. आई रुग्णालयात पोहोचली, पण तिथे कुशल हातही हवेत.

शिक्षणाचे मुख्य मार्ग असे :

१) ए.एन.एम. : बारावीनंतर दोन वर्षे. ग्रामीण आरोग्यसेवेसाठी.

२) जी.एन.एम. : बारावीनंतर तीन वर्षे. 

३) बी.एससी. नर्सिंग : चार वर्षे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी आवश्यक. भोपाळच्या एम्समध्येही हा अभ्यासक्रम आहे.

पुढे प्रसूतिशास्त्रात एम.एससी. करता येते. केंद्र सरकारने २०१८ साली मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार अनुभवी परिचारिकेला अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेऊन सामान्य प्रसूती स्वतंत्रपणे हाताळता येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजची इमारत नव्हे, त्याचे रुग्णालय पाहा. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही. विद्यार्थिनीला प्रत्यक्ष प्रसूती करून त्यांची नोंद ठेवावी लागते. आपल्या राज्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली, तेव्हा साठाहून अधिक कॉलेजे अपात्र आढळली. या प्रकरणात परीक्षा रखडल्या आणि हजारो मुलींची वर्षे वाया गेली. म्हणून पालकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. राज्याच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलच्या यादीत या वर्षी कॉलेजचे नाव आहे का? विद्यार्थिनी कोणत्या रुग्णालयात शिकतात? तेथे महिन्याला किती प्रसूती होतात? उत्तर टाळले गेले तर फी भरू नये.

रात्रपाळी, दीर्घ उभे राहणे, कधी दुःखद प्रसंग, हेही या कामात आहे. ते मुलींपासून लपवू नये. पण जिचे मन खंबीर आणि हात स्थिर आहेत, तिला डॉक्टर होता आले नाही म्हणून नर्स झाली, असे कोणी म्हणू नये. हा व्यवसाय तिने स्वतः निवडावा आणि घराने तो मानाने स्वीकारावा, एवढीच आमची विनंती.