इंग्रजी शिका, शाळा बदलू नका

पहिलीपासून तिसरी भाषा कोणती, यावर २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र तावातावाने भांडला. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनची दुरुस्ती, २९ जूनची माघार आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती हा घटनाक्रम वाचकांना पाठ आहे. या गदारोळात दुसऱ्या भाषेची, म्हणजे इंग्रजीची, चौकशी करायची मात्र राहून गेली. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेले मूल आज तिशी ओलांडून स्वतःच्या लेकराला शाळेत घालते आहे, आणि बऱ्याचदा ते लेकरू मराठी शाळेत जात नाही. गल्लीतून व्हॅन येते आणि त्याला कॉन्व्हेंटला घेऊन जाते. पहिलीपासूनच्या इंग्रजीवर पालकांनी दिलेला हा निकाल आहे. दहा वर्षे विषय शिकूनही इंग्रजी तोंडात आली नाही, तेव्हा निदान पोराचे तरी माध्यमच बदलू, असा हा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे, आणि त्याला स्वस्त पर्याय खासगी ऑनलाइन इंग्रजी शिकवणीचा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

अनसिंगचे उदाहरण घेऊ. वाशिम–पुसद रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव, आजूबाजूला सोयाबीन-तुरीचा पट्टा. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत वाशिम आहे. भाषेच्या बाबतीत मात्र इथले मूल गरीब नाही. घरात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी, टीव्हीवर आणि बाजारात हिंदी. पोहरादेवीच्या या जिल्ह्यात बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलाची त्याआधी गोरमाटीही असते. म्हणजे तीन-चार भाषा हे मूल कुणी न शिकवता उचलते, आणि जिच्यासाठी रोज तास असतो ती इंग्रजीच अडते. कारण उघड आहे. बाकीच्या भाषांत त्याच्याशी कुणीतरी बोलते. इंग्रजीत बोलणारे घरात नाही, दुकानात नाही, एसटीत नाही, आणि खरे सांगायचे तर बहुतेक शाळांतही नाही. इंग्रजीचा तास मराठीतच होतो. धडा वाचायचा, ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगायचा, प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यायची.

याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे सोपे आहे, पण साधे गणित करून पाहावे. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात चाळीस मुले. शिक्षक अवाक्षर न बोलता नुसते बसून राहिले आणि प्रत्येकाला बोलायची पाळी मिळाली, तरी एका मुलाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. प्रत्यक्षात शिक्षकच बोलतात आणि मागच्या बाकावरचे पोरगे वर्षभरात इंग्रजीचे एक वाक्य स्वतः न जुळवता पुढच्या वर्गात जाते. कॅनडातल्या भाषाशिक्षणतज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये नेमके यावर बोट ठेवले होते. तिथली इंग्रजीभाषक मुले वर्षानुवर्षे शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकत होती. त्यांना ऐकलेले उत्तम समजे, पण त्यांचे बोलणे-लिहिणे मात्र कच्चे राहिले. स्वेन यांचा निष्कर्ष असा की भाषा कानावर पडणे पुरत नाही. शब्द शोधत, अडखळत वाक्य पुरे करण्याची वेळ शिकणाऱ्यावर यावी लागते. कॅनडातल्या त्या मुलांच्या कानावर निदान फ्रेंच तरी पडत होती. आपली परीक्षाही बोलण्याला फार विचारत नाही. दहावीला ८० गुण लेखी, २० अंतर्गत, आणि तोंडीचे गुण शाळेतच दिले जातात. परिणाम ‘असर’च्या पाहणीत दिसतो. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या ४६.७ टक्के मुलांनाच इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली. २०१६ मध्ये हे प्रमाण ४५.३ होते. सहा वर्षांत भाषा जागची हलली नाही.

आता शिकवणीकडे येऊ. एका शिक्षकासमोर एकच मूल असेल तर अर्ध्या तासात निदान पंधरा मिनिटे त्याला बोलावेच लागते. वर्गात महिन्याभरात मिळत नाही तेवढी बोलण्याची संधी इथे एका बैठकीत मिळते. खासगी शिकवणीचा खरा फायदा हाच. बाकी जाहिरातीतले सगळे दुय्यम. एकास एक शिकवण्याची ताकद बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये फारच मोठी सांगितली होती. असे शिकलेले सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जाते, असा तो दावा. पुढच्या संशोधनाने तो आकडा खाली आणला, पण शिकवणीचा उपयोग खोडून काढला नाही. २०२० मध्ये शिकवणीवरच्या अनेक काटेकोर प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यातल्या सरासरीनुसार शंभर मुलांच्या गुणानुक्रमात मधोमध असलेले मूल सुमारे चौदा जागा वर सरकते. शाळासुधारणेच्या बहुतेक योजनांना एवढे साधत नाही. हेच पडद्यावरून जमते का, याचे उत्तर इटलीने करोनाकाळात दिले. तिथे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आठवड्याला तीन ते सहा तास शाळकरी मुलांना ऑनलाइन, एकेकटे शिकवले. मुलांची कामगिरी स्पष्ट सुधारली. हे प्रयोग केवळ इंग्रजीचे नव्हते, हे खरे. पण बोलण्याची संधी गणितापेक्षा भाषेला जास्त लागते. गणित एकट्याने वहीत सोडवता येते, संवाद एकट्याने होत नाही.

या सगळ्यात सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि त्याची म्हणावी तेवढी चर्चा झालेली नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेचे कमला निंबकर बालभवन ही डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी उभी केलेली मराठी माध्यमाची शाळा. बर्नसन जन्माने अमेरिकन, विद्येने भाषाशास्त्रज्ञ. १९६६ मध्ये त्या फलटणला आल्या, फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी संशोधन केले आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्या बाईंनी इंग्रजी माध्यमाची शाळा काढली असती तर प्रवेशासाठी रांगा लागल्या असत्या. त्यांनी मराठी शाळा काढली, कारण मुलाला वाचन आणि विचार ज्या भाषेत आधी जमतात ती भाषा सोडून बाकीचे शिक्षण उभे राहत नाही, हे त्यांना शास्त्र म्हणून ठाऊक होते. या शाळेत इंग्रजी कशी आली ते पाहण्यासारखे आहे. दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत १९९९ मध्ये संगणक बसवून गाजलेले सुगत मित्र यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधल्या लोकांना आवाहन केले, की आठवड्यातून तासभर स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारा. त्यातून ‘ग्रॅनी क्लाउड’ उभा राहिला. नाव आजीचे असले तरी त्यात पुरुष होते, तरुणही होते. पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णी यांनी त्याची धुरा वाहिली. २०१३ चे टेड पारितोषिक मिळाल्यावर मित्र यांनी सात केंद्रे काढली, दोन इंग्लंडमध्ये आणि पाच भारतात. त्यांपैकी एक फलटणला, याच मराठी शाळेत होते.

या पडद्यावरच्या आज्या व्याकरण शिकवत नव्हत्या. त्या गोष्ट वाचायच्या, कोडी घालायच्या, कागदाच्या घड्या घालायला लावायच्या, तुमच्याकडे आज काय शिजले ते विचारायच्या. समोरच्या माणसाला मराठीचे अक्षरही कळत नाही म्हटल्यावर इंग्रजीत सांगण्यावाचून मुलांपुढे गत्यंतर नसते. स्वेन ज्या निकडीविषयी सांगतात ती इथे आपोआप तयार होते. शिवाय वर्गातल्यासारखे चुकल्यावर कुणी हसत नाही, कारण समोरची व्यक्ती आधीच कौतुकाने ऐकायला बसलेली असते. सुगत मित्र यांचे मोठे दावे, म्हणजे मुले शिक्षकावाचून स्वतःच सगळे शिकतात वगैरे, बाजूलाच ठेवलेले बरे. त्यांवर संशोधकांनी रास्त शंका घेतल्या आहेत. पण फलटणची रचना मोलाची आहे. शाळा मराठी, विषय मराठीत, आणि इंग्रजी बोलण्यासाठी दुरून आलेला माणूस. हीच रचना छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत वेगळ्या भाषेसाठी वापरली गेली. तिथल्या मुलांना रोबोटचे कुतूहल, म्हणून त्यांनी परकीय भाषांमधून जपानी निवडली, आणि २०२० मध्ये, शाळा बंद असताना, एका जाणकाराने त्यांना ती ऑनलाइन शिकवली. जपानी बोलणारा माणूस गाडीवाटला राहायला येणे शक्यच नव्हते. अनसिंगला इंग्रजी बोलणारा शिक्षक मिळण्याची शक्यता त्याहून फार मोठी नाही. नागपुरात किंवा पुण्यात बसलेली निवृत्त शिक्षिका मात्र संध्याकाळी सात वाजता अनसिंगच्या ओसरीवर हजर होऊ शकते.

इथे पहिला आक्षेप येतो. एवढा खटाटोप कशाला, सरळ कॉन्व्हेंटला घातले की इंग्रजी आपसूक येते. ती येत नाही, कारण गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवणारेही त्याच गावचे, त्याच मराठी शाळांत शिकलेले असतात. पुस्तक इंग्रजी असते, वर्गातले बोलणे मिश्र, घरचे वऱ्हाडी. मग परिसर अभ्यासातले झाडाचे भाग असोत की गणितातला भागाकार, सगळेच स्पेलिंगसारखे पाठ करावे लागते. एका विषयासाठी बाकीचे सगळे विषय पणाला लावण्याचा हा व्यवहार आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणते, ते याच कारणाने. वऱ्हाडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीदेखील थोडी परकीच असते. त्यावर परकेपणाचा आणखी एक थर चढवण्यात शहाणपण नाही. इंग्रजी माध्यमाच्या फीपेक्षा आठवड्याच्या दोन शिकवण्या स्वस्त पडाव्यात, आणि पोर शाळेत जे शिकते ते त्याला कळेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शिकवणी विकत घेता येईल त्याचेच मूल पुढे जाईल, मग गरिबाचे काय? ही विषमता खरी आहे, पण ती ऑनलाइनने आणलेली नाही. केंद्राच्या २०२५ च्या पाहणीत ग्रामीण भागातले २५.५ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेताना आढळले. ज्यांना परवडते त्यांची मुले वाशिमला, अकोल्याला जातातच. बंदी घालून हे थांबत नाही. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर टाच आणली, परदेशी बसलेल्या शिक्षकांकडून शिकण्यालाही मनाई केली. धंदा चोरून चालू राहिला आणि चोरीचा म्हणून महागला. त्यापेक्षा शिकवणी स्वस्त कशी होईल ते पाहावे. तीन-चार मुलांच्या गटातही बोलण्याची पाळी भरपूर येते, आणि चार घरांनी मिळून फी दिली की एका घरावर चौथा हिस्साच पडतो. ब्रिटनने करोनानंतर सरकारी पैशाने अशीच छोट्या गटांची शिकवणी शाळांमार्फत चालवली. आपल्या जिल्हा परिषदेला, ग्रामपंचायतीला हे अशक्य नाही. स्मार्ट टीव्ही पुष्कळ शाळांत येऊन पडले आहेत. त्यांवर व्हिडिओ लावण्याऐवजी जिवंत माणूस आणावा.

तिसरा आक्षेप मोबाइलचा. शिकवणीच्या नावाखाली पोराच्या हाती फोन देणे म्हणजे रील्सला आमंत्रण, असे आईवडिलांना वाटते, आणि त्यांचे चुकत नाही. ‘असर २०२४’ नुसार ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आठवडाभरात फोन अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पण या आकड्यांचा रोख जिवंत शिकवणीवर नाही. समोर बाई नाव घेऊन प्रश्न विचारत असताना रील पाहता येत नाही. धोका आहे तो रेकॉर्ड केलेल्या धड्यांत आणि ॲपमध्ये, जिथे मूल खरेच पाहते आहे की नाही हे कुणालाच कळत नाही. बायजूजवर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याची आर्थिक कारणे काहीही असोत, पालकांनी घ्यायचा धडा हा की वर्षभराचे पॅकेज हप्त्यावर घेऊ नये आणि माणसाच्या जागी व्हिडिओ घेऊ नये. आता बोलणारी कृत्रिम बुद्धिमत्ता त्या जागेवर हक्क सांगते आहे. सरावाला ती चालेल. पण संकोची मुलाला तोंड उघडायला लावते ती समोरच्या माणसाची उत्सुकता, आणि ती यंत्रापाशी नाही. मुलींचा प्रश्न मात्र वेगळा आणि खरा आहे. त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण २६.९ टक्के. घरातल्या एका फोनवर भावाचा हक्क आधी. म्हणूनही गटाची शिकवणी शाळेतच, ठरलेल्या वेळी व्हावी. संध्याकाळच्या बसने वाशिमला क्लासला जाऊ न दिली जाणारी मुलगी शाळेत सहज बसेल.

शिकवणी चांगली की वाईट हे ठरवायला पालकाला इंग्रजी यायची गरज नाही. घड्याळ पुरे. अर्ध्या तासात आपले लेकरू किती मिनिटे बोलले, एवढेच मोजावे. दहा मिनिटेही भरत नसतील तर शिकवणारा कितीही फर्डे बोलत असो, पैसे वाया चालले आहेत. शिकवणाऱ्याने पुस्तकातला धडा पुन्हा मराठीत समजावून द्यायला सुरुवात केली, तरी पैसे वायाच. आणि मराठी शाळांनी याच्याकडे परक्याचे म्हणून पाहू नये. पट घसरतो म्हणून मातृभाषेच्या थोरवीची भाषणे पुष्कळ झाली, त्यांनी व्हॅन थांबली नाही. पालकाला मातृभाषेचे वावडे नाही, त्याला इंग्रजीची हमी हवी आहे. तुमचे मूल सगळे विषय मराठीत समजून शिकेल आणि चौथीपर्यंत अनोळखी माणसाशी इंग्रजीत पाच मिनिटे बोलेल, असे जी मराठी शाळा पालकांना सांगेल आणि करून दाखवेल, तिला विद्यार्थी शोधत गावभर फिरावे लागणार नाही.