शनवार तेल्याचा बैल

(शब्बाथ संपल्यावर, हवदालेनंतर आपल्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आज सकाळी आपण बालाक हा पाराशा ऐकला. त्यातील बिलामच्या गाढवीची हकिकत आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. मोआबच्या राजाने इस्राएलला शाप देण्यासाठी बोलावलेला हा नामांकित द्रष्टा गाढवीवर बसून निघतो. वाटेत परमेश्वराचा दूत उपसलेली तलवार घेऊन उभा असतो. तो गाढवीला दिसतो, द्रष्ट्याला दिसत नाही. गाढवी एकदा रस्ता सोडून शेतात शिरते, एकदा भिंतीला घासून धन्याचा पाय चेपते आणि तिसऱ्यांदा खाली बसते. तिन्ही वेळा ती मार खाते. मग परमेश्वर तिचे तोंड उघडतो. ती उपदेश करीत नाही, इतकेच विचारते, की आजवर तू माझ्यावर बसत आलास, मी तुझ्याशी कधी अशी वागले होते का? बिलामला कबूल करावे लागते, की नाही.

समितीने मला विषय दिला आहे, ‘प्राण्यांकडून माणसाने काय शिकावे’. या गाढवीने त्याची सुरुवात करून दिली. जो जीव रोज आपल्या कामी येतो त्याच्याकडे आपण क्वचितच नीट पाहतो. आणि जे पाहिलेच नाही त्यापासून शिकणार काय?

आपल्या रब्बींनी हा विषय पूर्वीच हाताळला आहे. ताल्मूदच्या एरुविन या भागात रब्बी योहानान यांचे मत नोंदलेले आहे. तोरा आपल्याला दिली गेली नसती, तरी मर्यादा आपण मांजरीकडून शिकलो असतो, दुसऱ्याच्या मालाला हात न लावणे मुंगीकडून, एकनिष्ठा पारव्याकडून आणि पत्नीची मनधरणी करण्याची रीत कोंबड्याकडून, असा त्याचा आशय आहे. शेलोमो राजानेही आळशी माणसाला मुंगीकडे धाडले आहे.

परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. मांजर आपली घाण मातीखाली झाकते हे खरे, पण तीच मांजर दुधाच्या पातेल्यातही तोंड घालते. कोंबडा कोंबडीला दाणा दाखवून बोलावतो, आणि दुसऱ्या कोंबड्याला रक्तबंबाळही करतो. मग कोणता गुण घ्यावा आणि कोणता सोडावा, हे मांजर किंवा कोंबडा आपल्याला सांगत नाही. ते ठरविण्यासाठी तोराच लागते. प्राणी आरसा दाखवतो. आरशात पाहून चेहरा धुण्याचे काम आपले असते.

दुसरी गोष्ट अशी, की शिकण्यापूर्वी पाहावे लागते. मुंगीला राजा नसतो हे मिश्लेमध्ये आहे. पण रब्बी शिमोन बेन हालाफ्ता तेवढ्यावर थांबले नाहीत. चुल्लिन या भागात त्यांनी केलेला प्रयोग दिला आहे. तम्मूझच्या कडक उन्हात, म्हणजे सध्या आहे त्याच ऋतूत, त्यांनी वारुळावर आपले वस्त्र पसरून सावली केली. एक मुंगी बाहेर आली, तिच्यावर त्यांनी खूण केली. तिने आत जाऊन सावली पडल्याची वर्दी दिली, तशा बाकीच्या बाहेर आल्या. त्यांनी वस्त्र उचलले. ऊन पडताच साऱ्या मुंग्यांनी वर्दी देणारीला ठार केले. राजा असता तर त्याच्या हुकमाविना शिक्षा झाली नसती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो निष्कर्ष पुरेसा आहे का, यावर ताल्मूदमध्येच पुढे शंका घेतली आहे. मला त्यातले वारुळाशेजारी उन्हात बसणे मोलाचे वाटते.

म्हणून मी सिंहाविषयी किंवा गरुडाविषयी बोलणार नाही. ते मी जवळून पाहिलेले नाहीत. मी पाहिला तो बैल. माझ्या आजाचा, घाण्याचा बैल.

कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत, हे येथे जन्मलेल्या मुलांनीही ऐकले असेल. तेल गाळणे हा बेने इस्राएलांचा पिढीजात धंदा होता. गावातील हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते सोमवार तेली. आणि आपण शनिवारी, म्हणून शनवार तेली. आपल्या पूर्वजांजवळ त्या काळी मोठे ग्रंथ नव्हते. पण शेमा होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे निर्बंध होते आणि शब्बाथ होता. शेजाऱ्यांनी आपल्याला ओळखले ते आपल्या बोलण्यावरून नव्हे. आपला घाणा कोणत्या दिवशी फिरत नाही, त्यावरून ओळखले. आणि घाणा थांबतो म्हणजे काय? बैल थांबतो.

माझ्या लहानपणी अलिबागजवळच्या आमच्या गावी आजाचा घाणा अजून चालू होता. लाकडी उखळात तीळ किंवा खोबरे घालायचे, त्यात उभी लाट फिरायची, आणि लाटेला जोडलेली आडवी फळी ओढीत बैल गोल गोल चालायचा. चक्कर येऊ नये आणि आजूबाजूला पाहून थांबू नये, म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापड बांधलेली असे. आमच्या बैलाचे नाव ढवळ्या. आठ हातांच्या रिंगणात तो दिवसभर मैलोगणती चालत असेल आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी उभा असे. ‘घाण्याचा बैल’ हा वाक्प्रचार आपण राबणाऱ्या माणसाविषयी सहज वापरतो. ज्याने तो बैल पाहिला आहे, तो इतका सहज वापरणार नाही.

शुक्रवारी दुपारनंतर दारात गिऱ्हाइकांची गर्दी होई, कारण दुसऱ्या दिवशी तेल मिळणार नाही हे साऱ्या गावाला ठाऊक होते. दिवस कलला की आजा जू उतरवी आणि झापड सोडून खुंटीला अडकवी. पेंड आणि पाणी आधी ढवळ्यापुढे जाई. मग आजा आंघोळीला जाई. जनावराला घातल्याशिवाय आपण जेवू नये, हा ताल्मूदमधील नियम त्याने कोठे वाचला नव्हता. त्याच्या बापाने तसे केले, म्हणून तो करी. शनिवारी सकाळी ढवळ्याला दावे सोडून माळावर मोकळे करीत. गंमत अशी, की आठवड्याचे सहा दिवस जू दिसताच मान खाली घालणारा तो बैल शनिवारी घाण्याच्या पडवीकडे पाहतही नसे. त्याला तोरा ठाऊक नव्हती, पण सातवा दिवस ठाऊक झाला होता.

हे भाबड्या भक्तीने सांगत नाही. जनावराला सवय लागते, हे मलाही कळते. पण सवय कोणी लावली? तोरेने शब्बाथची आज्ञा देताना बैल आणि गाढव यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. देवारीममध्ये त्यांची नावे दास-दासींच्या सोबतच येतात. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नयेत, याही आज्ञा तेथेच आहेत. माणसाने आधी बैलाला काही दिले. मग बैलाकडे माणसाला देण्यासारखे काही उरले.

याच अर्थाची एक कथा पेसिक्ता रब्बाती या मिद्राशमध्ये आहे. एका यहुदी माणसावर गरिबी आली आणि त्याने आपली नांगराची गाय एका परधर्मीयाला विकली. सहा दिवस तिने नांगर ओढला. सातव्या दिवशी ती जुवाखाली बसली ती उठेना. मारले तरी उठेना. नवा धनी संतापून जुन्या धन्याकडे आला. जुन्या धन्याने सारे ओळखले. तो गाईच्या कानाशी लागून म्हणाला, की तू माझी होतीस तेव्हा या दिवशी विसावा घेत होतीस. माझ्या पापांमुळे तुला विकावे लागले. आता ऊठ आणि तुझ्या धन्याचे काम कर. गाय उठली. नव्या धन्याने त्याला धरले, की तू काय मंत्र घातलास ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही. खरे कारण ऐकून त्याला कापरे भरले. वाचा नसलेल्या या जिवाने आपला निर्माता ओळखला आणि मला बुद्धी असून मी ओळखू नये? तो यहुदी झाला, तोरा शिकला आणि रब्बी योहानान बेन तोर्ता या नावाने प्रसिद्ध झाला. तोर्ता म्हणजे अरामी भाषेत गाय. रब्बी अकिवांच्या काळातील हे विद्वान गाईचा पुत्र म्हणून ओळखले गेले आणि त्यांनी ते नाव टाकले नाही.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा मला अभिमान वाटला नाही, लाज वाटली. कारण मी त्या गाईहून कमी ठरलो होतो.

१९६९ साली मी या देशात आलो. दक्षिणेकडील एका गावात घर मिळाले आणि एका कारखान्यात पाळीचे काम मिळाले. येथील १९५१ च्या कायद्याने प्रत्येक कामगाराला आठवड्यातून किमान ३६ तास सलग विश्रांती दिली आहे, आणि यहुद्यांसाठी त्यात शब्बाथ येतो. पण यंत्रे थांबवता येत नाहीत अशा ठिकाणी परवान्याने काम चालते, आणि त्या दिवसाची मजुरी किमान दीडपट असते. आमच्या घरात सात माणसे आणि मिळवणारा एक. मी शब्बाथची पाळी मागून घेतली. कोणी माझ्यावर सक्ती केली नव्हती, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

एका शुक्रवारी संध्याकाळी माझी आई दिवे लावून उभी होती आणि मी डबा घेऊन निघालो होतो. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाळा, तुझ्या आजाचा बैलसुद्धा आज घरी असायचा रे.”

मी उत्तर दिले, “आई, बैलाला घराचे हप्ते भरावे लागत नव्हते.” आणि निघून गेलो.

उत्तर चोख होते. म्हणूनच ते मला पुढे दोन वर्षे पुरले. पण पाळीवर असताना मध्यरात्री त्या यंत्राभोवती फेऱ्या घालताना मला कधी कधी ढवळ्याची खुंटीला अडकवलेली झापड आठवे. त्याची निघत होती. माझी निघत नव्हती.

शेवटी मी पाळी बदलून मागितली. पगार बराच घटला. माझ्या पत्नीला घरी शिवणकाम घ्यावे लागले आणि मोठ्या घराचा विचार आम्ही सोडून दिला. शब्बाथ पाळला म्हणून दुसऱ्या वाटेने पैसा आला, असे काही घडले नाही. तसे घडते असे सांगून मी तरुणांना फसवणार नाही.

आणि एवढे करूनही पहिले कित्येक महिने मला शब्बाथ साधलाच नाही. प्रार्थना झाली की घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून झोपे. मुले जवळ आली की खेकसे. काम नव्हते, पण विसावाही नव्हता. राशींनी शेमोथच्या तेविसाव्या अध्यायावर जे भाष्य केले आहे ते मला त्या वेळी आपल्या हज्जानांनी दाखवले. बैलाला विसावा मिळावा म्हणजे काय? त्याला गोठ्यात बांधून ठेवायचे का? राशी सांगतात, तो विसावा नव्हे, ते दुःख. त्याला गवत उपटून खाण्यासाठी मोकळे सोडले पाहिजे. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा माळ उभा राहिला. आजाने ढवळ्याचे काम बंद केले एवढेच नव्हते, दावेही सोडले होते. मी काम बंद केले होते आणि स्वतःला गोठ्यात बांधून घेतले होते.

त्या आठवड्यापासून मी शब्बाथच्या दुपारी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत चालत जाऊ लागलो. आई अंगणात खुर्ची टाकून आमची वाट पाही. त्यानंतर ती चार वर्षे जगली. म्हणजे सुमारे दोनशे शब्बाथ तिने आम्हाला घरी पाहिले. त्यापूर्वीचे जे गेले ते मला परत आणता येत नाहीत.

आज येथे बसलेल्या तरुणांमध्ये पाळीवर जाणारे अनेक आहेत. रुग्णालयात किंवा वृद्धांच्या सेवेत असलेल्या आपल्या मुलींना मी हे सांगत नाही. जीव वाचवणे शब्बाथहून मोठे आहे आणि त्यांची पाळी हीच त्यांची मित्स्वा आहे. इतरांनाही मी दोष देत नाही, तो अधिकार मी स्वतःच गमावलेला आहे. मी एवढेच सुचवतो. या आठवड्यात आपल्या घरात जो सर्वांत जास्त राबतो त्याच्याकडे एकदा नीट पाहा. बहुधा ती घरातील आई असेल. शुक्रवारी दिवे लागण्यापूर्वी तिचे जू उतरते का, की बाकीच्यांचा शब्बाथ तिच्या खांद्यावर चालतो? स्वयंपाक गुरुवारी वाटून घेता येतो. भांडी मुलांना उचलता येतात. आणि शब्बाथच्या दुपारी तिला घेऊन थोडे बाहेर चालता येते.

माझ्या आजाला लिहिता-वाचता बेताचेच येत होते. त्याने मला कधी द्राश ऐकवला नाही. तो झापड सोडून खुंटीला अडकवी, मी दारात उभा राहून पाही, आणि मग आम्ही दोघे पाणी घेऊन ढवळ्याकडे जात असू.