दुखणं वायरिंगचं, औषध बॅटरीला!
मोटरहोममध्ये लिथियम बॅटरी बसवल्यानंतरच्या तक्रारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटरहोम असो वा छोटी कॅम्परव्हॅन, तिच्यात दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन चालू करणारी. दुसरी गाडीतल्या घराची : दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज, पंखे आणि इन्व्हर्टर सांभाळणारी. ही दुसरी बॅटरी लेड-ॲसिडची काढून लिथियमची बसवायची लाट युरोप-अमेरिकेत केव्हाच आली. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि व्हॅनमध्ये घर थाटणारी हौशी मंडळी आपल्याकडेही दिसू लागली. त्यांचाही ओढा लिथियमकडेच असतो.

कारणं रास्त आहेत. 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी 25 ते 30 किलोची, तेवढ्याच क्षमतेची लिथियम 11 ते 13 किलोची. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवत राहिलं तर तिचं आयुष्य घटतं; लिथियमची 80-90 टक्के क्षमता बिनघोर वापरता येते. पण बॅटरी बदलून आठवडा होत नाही तोच तक्रारी सुरू होतात. इन्व्हर्टर मध्येच बंद पडतो, चार्जिंग होत नाही, मीटर भलतंच दाखवतो. खापर अर्थातच नव्या बॅटरीवर फुटतं. प्रत्यक्षात बॅटरी बहुतेकदा ठणठणीत असते आणि तिच्याभोवतीची जुनी यंत्रणा तिला पेलत नसते.

इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, अर्थात एलएफपी. 1997 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि ए. के. पाढी यांच्या गटाने हे रसायन जगासमोर मांडलं. मोबाइलमधल्या कोबाल्टवाल्या लिथियमपेक्षा ते उष्णतेला बरंच अधिक टिकतं, म्हणून चालत्या घरासाठी हेच वापरतात. त्याभोवतीचे गैरसमज आता एकेक करून पाहू.

गैरसमज 1 : आकार जुळला, टर्मिनल जुळले, काम झालं.

वस्तुस्थिती : बॅटरी खणात बसली म्हणजे चार्जरशी तिचं जमलं असं नाही. चार सेलची ही बॅटरी 12.8 व्होल्टची असते आणि ती पूर्ण भरायला साधारण 14.2 ते 14.6 व्होल्ट लागतात. जुने कितीतरी चार्जर 13.6 व्होल्टवर अडकलेले असतात. त्यावर बॅटरी भरते, पण रेंगाळत. शिवाय आतले चारही सेल एकमेकांच्या बरोबरीला आणण्याचं काम साधारण वरच्या व्होल्टेजलाच होतं. ते महिनोन्महिने झालं नाही, तर एक सेल इतरांच्या पुढे पळतो आणि बाकीचे भरायच्या आतच चार्जिंग तोडायला लावतो.

उलट बाजूचा धोकाही आहे. लेड-ॲसिडसाठी बनवलेल्या काही चार्जरमध्ये डिसल्फेशन किंवा इक्वलायझेशन नावाची सोय असते आणि ती व्होल्टेज 15 च्याही वर नेते. लिथियमला ती अजिबात नको. थंडीत व्होल्टेज आपोआप वाढवणारी तापमान-भरपाईसुद्धा बंद हवी. सोलर कंट्रोलरचंही तेच : लिथियमचं सेटिंग निवडा, ते नसेल तर आकडे हाताने भरा.

गैरसमज 2 : मीटर 13.2 दाखवतो, म्हणजे बॅटरी भरलेली आहे.

वस्तुस्थिती : हा नियम लेड-ॲसिडचा. तिथे 12.7 म्हणजे पूर्ण, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी, असा अंदाज बांधता येतो. लिथियमचं व्होल्टेज मात्र सपाट असतं. 90 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर येईपर्यंत ते जेमतेम 13.3 वरून 13 च्या आसपास घसरतं. त्यामुळे गाडीतलं जुनं पॅनेल संध्याकाळीही ‘फुल’ दाखवतं, मध्यरात्रीही ‘फुल’ दाखवतं आणि पहाटे अंधार होतो.

यावर उपाय म्हणजे शंट (करंट मोजणारी पट्टी) असलेला बॅटरी मॉनिटर. तो आत आलेले आणि बाहेर गेलेले अँपिअर मोजून हिशेब ठेवतो. मात्र बॅटरीच्या निगेटिव्हला शंटखेरीज दुसरी एकही वायर जोडलेली नसावी. पंपाची किंवा सोलरची एखादी निगेटिव्ह थेट टर्मिनलवर राहिली, की तेवढा खर्च वहीत चढतच नाही. शिवाय बॅटरी अधूनमधून पूर्ण भरू द्या. मॉनिटर तिथूनच शंभर टक्क्यांचा हिशेब नव्याने धरतो.

गैरसमज 3 : क्षणात सगळं बंद पडलं, म्हणजे बॅटरी गेली.

वस्तुस्थिती : लेड-ॲसिड बॅटरी हळूहळू मान टाकते; आधी दिवे मंदावतात. लिथियम तशी पूर्वसूचना देत नाही, कारण तिच्या पोटात बीएमएस नावाचं राखणदार सर्किट असतं. व्होल्टेज फार वर गेलं, फार खाली आलं, करंट मर्यादेबाहेर गेला किंवा तापमान बिघडलं, की ते बॅटरी तोडून टाकतं. अशा वेळी मल्टीमीटर लावला तर टर्मिनलवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो.

त्यातच एक गंमत होते. समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय बरेच चार्जर सुरूच होत नाहीत आणि झोपलेली बॅटरी तर व्होल्टेज दाखवत नाही. लिथियम सेटिंगमध्ये अशा बॅटरीला जागं करणारे चार्जर मिळतात. पण त्याआधी सगळे लोड काढा आणि बीएमएसने का तोडलं ते शोधा. ॲप असेल तर कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

तापमानाचं कारण आपल्याकडे दोन्ही टोकांना सापडतं. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि कायमचं नुकसान होतं, म्हणून चांगला बीएमएस चार्जिंगच अडवतो. स्पितीत किंवा लडाखमध्ये पहाटे इंजिन चालू असूनही चार्जिंग शून्य दिसतं ते यामुळे. बॅटरीतून वीज घेणं तेव्हाही चालू राहतं. उलट, विदर्भाच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बंद खणात इतकी उष्णता साठते, की चार्जिंग त्या टोकालाही थांबू शकतं. बॅटरी इंजिनजवळ ठेवू नका आणि खणाला हवा खेळती ठेवा.

गैरसमज 4 : लिथियम दमदार असते, कोणताही इन्व्हर्टर ओढेल.

वस्तुस्थिती : हिशेब मांडून बघा. इंडक्शन शेगडी 1500 वॉटवर लावली. इन्व्हर्टरमध्ये साधारण दहा टक्के वीज वाया जाते असं धरलं, तर बॅटरीतून सुमारे 1670 वॉट निघायला हवेत. त्याला 12.8 ने भागलं की 130 अँपिअर येतात. आता 100 अँपिअर-अवरच्या बऱ्याच बॅटऱ्यांचा बीएमएस सलग 100 अँपिअरपर्यंतच देतो. चहाला उकळी येण्याआधी सगळं ट्रिप होणार, यात नवल ते काय! इथे बॅटरीची क्षमता पुरेशी आहे, तोकडी आहे ती करंट देण्याची मर्यादा. जोडीला दुसरी बॅटरी समांतर लावा किंवा शेगडी 800-1000 वॉटवर चालवा.

मोठा इन्व्हर्टर जोडताक्षणी ठिणगी उडून बॅटरी बंद होते, हीही नेहमीची तक्रार. इन्व्हर्टरमधले रिकामे कपॅसिटर क्षणभर प्रचंड करंट ओढतात आणि बीएमएस त्याला शॉर्टसर्किट समजतो. आधी रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून मग मुख्य जोडणी केली, की हा प्रश्न मिटतो.

गैरसमज 5 : चालत्या गाडीत अल्टरनेटर बॅटरी भरतोच की.

वस्तुस्थिती : भरतो, आणि कधीकधी त्या नादात स्वतः जळतो. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी घेते. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती जवळपास भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. घाटातल्या कोंडीत इंजिन मंद फिरत असतं, अल्टरनेटरचा पंखाही मंद असतो आणि करंट मात्र कमाल. अशा वेळी तो तापून निकामी होऊ शकतो. भर चार्जिंगमध्ये बीएमएसने बॅटरी तोडली, तर अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळून डायोड आणि इतर इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं.

दोन बॅटऱ्या जोडणारा जुना रिलेही गोंधळ घालतो. असे अनेक रिले 13.3 व्होल्टला जुळतात आणि 12.8 ला सुटतात. लिथियम तर नुसती पडून असतानाच 13.3 च्या आसपास असते. म्हणजे इंजिन बंद केल्यावरही रिले सुटत नाही आणि घरची बॅटरी इंजिनच्या बॅटरीला रात्रभर वीज पुरवत राहते. नव्या गाड्यांमध्ये याची उलटी बाजू दिसते. इंधन वाचवण्यासाठी स्मार्ट अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज इतकं उतरवतो, की लिथियममध्ये काहीच जात नाही.

या सगळ्यावर उत्तर एकच : डीसी-डीसी चार्जर. तो 30-40 अँपिअरची मर्यादा पाळतो, व्होल्टेज हवं तेवढं करून देतो आणि इंजिन थांबलं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करतो.

गैरसमज 6 : जुनी वायरिंग इतकी वर्षं चालली, पुढेही चालेल.

वस्तुस्थिती : जुन्या बॅटरीने कधी 150 अँपिअर दिलेच नव्हते, म्हणून ती चालली. दोन हजार वॉटच्या इन्व्हर्टरला 12 व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअर लागतात. त्यासाठी लांबीनुसार 50 ते 70 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल हवी. सैल नट, केबलच्या टोकाचा नीट न दाबलेला लग, गंजलेलं शॅसी अर्थिंग हे सगळं अशा वेळी उघडं पडतं.

हा दोष शोधायला मल्टीमीटर पुरतो. मोठा लोड चालू ठेवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर आणि दुसरं त्यावरच बसवलेल्या लगवर टेकवा. काही मिलिव्होल्ट दिसले तर जोड चांगला. 0.2 व्होल्ट दिसले तर 100 अँपिअरला त्या एका जोडात 20 वॉटची उष्णता तयार होते आहे आणि जोड हाताला चटका देईल. असंच फ्यूज, स्विच आणि अर्थिंगच्या दोन्ही बाजूंना मोजत जा. जिथे आकडा उडी मारतो, तिथे दोष. बॅटरीवर 13.1 आणि फ्रिजजवळ 11.6 दिसत असतील, तर फ्रिजच्या ‘लो बॅटरी’ इशाऱ्याला बॅटरी जबाबदार नाही, मधली तार आहे.

गैरसमज 7 : बीएमएस आहे, मग फ्यूज कशाला?

वस्तुस्थिती : बीएमएस हे इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे आणि तेही बिघडू शकतं. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहू शकतात. इतका करंट स्वस्त फ्यूजला तोडता येत नाही, तो वितळूनही ठिणगीचा पूल धरून ठेवतो. त्यासाठी टी-क्लास फ्यूज वापरतात आणि तो पॉझिटिव्ह टर्मिनलच्या जितका जवळ, तितका चांगला. फ्यूजचा आकडा केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा नसावा, कारण तो केबलच्या रक्षणासाठी असतो.

गैरसमज 8 : जुनी बॅटरीही जोडीला राहू द्या, तेवढीच भर.

वस्तुस्थिती : लेड-ॲसिड आणि लिथियम थेट समांतर जोडू नका. दोघींची चार्जिंगची गरज वेगळी आणि विसाव्याचं व्होल्टेजही वेगळं. लिथियम आपली वीज दुसरीला भरवत बसते. दोन लिथियम जोडायच्या असतील तर एकाच प्रकारच्या आणि क्षमतेच्या घ्या, आधी प्रत्येक वेगवेगळी पूर्ण भरा आणि मगच जोडा. गाडी काही महिने उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी-अर्धी भरलेली ठेवा आणि मुख्य स्विच बंद करा.

तक्रार आली की क्रम हाच ठेवा : आधी बॅटरीच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, मग बीएमएसचा संदेश, मग चार्जरचं सेटिंग, मग लोड चालू ठेवून प्रत्येक जोडावरची घट, आणि सर्वांत शेवटी बॅटरीवर संशय. कामाला हात घालण्याआधी अंगठी-कडं काढा, निगेटिव्ह आधी सोडवा आणि इन्व्हर्टरच्या 230 व्होल्टच्या बाजूचं काम जाणत्या वायरमनकडेच द्या. बॅटरी विकत घेतानाच चार्जर, डीसी-डीसी चार्जर, केबल आणि फ्यूज यांचा खर्चही धरा. तो परवडत नसेल, तर सध्याची लेड-ॲसिड आणखी एक हंगाम वापरलेली बरी.