समूहगान, स्नेहसंमेलन आणि गावची शाळा

शाळेच्या वर्षाचा हिशेब घटक चाचण्या, सत्र परीक्षा आणि निकालपत्रक यांत मांडला जात असला, तरी गावाच्या दृष्टीने शाळा जिवंत असते ती सकाळी मैदानावरून ऐकू येणाऱ्या परिपाठामुळे आणि वर्ष सरत आले असताना होणाऱ्या स्नेहसंमेलनामुळे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘गॅदरिंग’मुळे. या दोन्ही प्रसंगांत एक क्रिया समान असते, किंवा असायला हवी, ती म्हणजे समूहगान: अनेकांनी एकच चाल, एकाच पट्टीत आणि एकाच लयीत, एकमेकांचा आवाज ऐकत गाणे. ‘विरंगुळा’ या सदरात ढकलली जाणारी ही क्रिया मुलांच्या शरीरावर, भाषेवर आणि परस्परसंबंधांवर बराच परिणाम करते. मात्र त्यासाठी ती मंचावरच्या निवडक मुलांपुरती न राहता साऱ्या शाळेची असावी लागते, आणि नेमकी हीच अट अलीकडच्या स्नेहसंमेलनांत सुटत चालली आहे.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर असलेले बिडकीन हे गाव या विषयाच्या विचारासाठी विशेष सोयीचे आहे, कारण तेथे दोन काळ एकमेकांना खेटून उभे आहेत. एकीकडे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात विकसित झालेले आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आलेले ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र आहे. दुसरीकडे ज्या पैठण तालुक्यात हे गाव येते, तो संत एकनाथांचा तालुका आहे, आणि ज्ञानेश्वरांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे गोदाकाठचे आपेगावही त्याच तालुक्यात आहे. परिपाठाच्या शेवटी राज्यभरातील असंख्य शाळांत जे पसायदान म्हटले जाते, ते ज्याने रचले त्याचे गाव येथील मुलांना एसटीने गाठता येते. अशा गावात शेतकऱ्यांची मुले, जमीन संपादनात गेल्यानंतर दुसरा व्यवसाय धरलेल्या कुटुंबांतील मुले आणि कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुले एकाच वर्गात बसू लागली, की त्यांच्या घरच्या बोली, सण आणि खाणेपिणे वेगवेगळे असते. पहिल्या दिवसापासून सर्वांना सारख्या हक्काने करता येईल असे फार थोडे त्यांच्यापुढे असते, आणि त्या थोडक्या गोष्टींत गाणे मोडते.

समूहगान ही शाळेने बाहेरून आणलेली गोष्ट नव्हे, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. वारकरी भजनात एक जण चरण उचलतो आणि टाळकरी ध्रुपद धरतात. पोवाड्यात शाहिराने ओळ टाकली की मागचे झीलकरी झील ओढतात. भारुडात सोंग घेणारा प्रश्न करतो आणि मागची मंडळी त्याला तोंडभर साथ देतात. या सर्व प्रकारांची घडण अशी आहे की, ज्याला संपूर्ण पद पाठ नाही तोही ध्रुपदापुरता पूर्ण सहभागी होतो आणि ऐकता ऐकता पुढचे शिकत जातो. शिक्षणशास्त्रात अलीकडे सहभागी अध्ययन म्हणून जे सांगितले जाते, त्याचे हे जुने आणि सिद्ध रूप होय. एकनाथांनी सोळाव्या शतकात बाजारातली, दारावर येणारी, सर्वांच्या ओळखीची पात्रे घेऊन भारुडे रचली ती गावाने मिळून म्हणावीत अशा घाटाची आहेत, आणि फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठणला जमणाऱ्या दिंड्यांमुळे हा घाट या भागाच्या कानात आजही ताजा आहे.

शाळेने या परंपरेला जे स्वतःचे रूप दिले, ते म्हणजे परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, समूहगीत आणि शेवटी पसायदान किंवा मौन असा त्याचा साधारण क्रम असतो. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीताचा मान मिळालेले, राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांच्या आवाजामुळे घराघरांत पोहोचलेले गीतही मुळात समूहाने म्हणण्याच्या बाजाचे आहे. प्रार्थनेच्या बाबतीत साने गुरुजींचे ऋण मोठे आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि वसतिगृहाचे काम पाहणारे म्हणून वावरलेल्या या माणसाला मुलांच्या तोंडी बसेल अशा साध्या शब्दांची नेमकी जाण होती, आणि जगाला प्रेम अर्पण करण्यास सांगणारी त्यांची प्रार्थना मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जात आहे. पुढे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखेवरची समूहगीते आणि कलापथक यांच्या रूपाने हाच धागा गावोगाव नेला.

मराठवाड्यात तर विद्यार्थ्यांच्या एकत्र गाण्याला राजकीय इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात १९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतील प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ती मानण्यास नकार दिला, अनेकांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांपैकी कित्येकांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेऊन शिक्षण पूर्ण केले. मराठवाडा मुक्तिसंग्रामात पुढे उतरलेली तरुणांची एक पिढी या चळवळीतून घडली. केवळ ऐकण्याची सवय असलेल्या समुदायापेक्षा एकत्र गाणारा समुदाय लवकर संघटित होतो, हे सत्ताधाऱ्यांना बहुधा शिक्षकांपेक्षा आधी उमगते.

असे का घडते, याचा शोध गेल्या दोन दशकांत प्रयोगांनी घेतला गेला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांच्या गायनवर्गांची तुलना हस्तकला आणि सर्जनशील लेखन यांच्या वर्गांशी सात महिने केली. अखेरीस सर्वच वर्गांतील लोक एकमेकांच्या जवळ आलेले आढळले, परंतु गाणाऱ्यांमध्ये ही जवळीक सुरुवातीच्या काळातच आणि फार झपाट्याने निर्माण झाली. अनोळखी मुले जूनमध्ये एका वर्गात येतात, तेव्हा हा ‘लवकर’ महत्त्वाचा ठरतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या तरुणांवर झालेल्या प्रयोगात, एकत्र गाताना त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती बरोबरीने कमी-जास्त होत असल्याचे दिसले, आणि त्याचे कारणही साधे होते: गाण्याची ओळ जेथे संपते तेथेच सर्वांना श्वास घ्यावा लागतो, आणि श्वासाच्या तालावर हृदयगती बदलते. जर्मनीतील लायपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना एकच खेळ दोन प्रकारे खेळवण्यात आला, काहींना गाण्या-वाजवण्यासह आणि काहींना त्याविना. नंतर एका मुलाच्या नळीतून गोट्या सांडल्या असता गाऊन खेळलेले सोबती मदतीला अधिक धावले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात.

या प्रयोगांतून काढता येणारा निष्कर्ष मर्यादित आहे आणि तो मर्यादितच ठेवलेला बरा. संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते, हा १९९३ नंतर गाजलेला आणि मोझार्टच्या नावाने विकला गेलेला दावा पुढील तपासण्यांत टिकला नाही. त्यामुळे समूहगानाने गणिताचे गुण वाढतील असे आश्वासन पालकांना देणे ही फसवणूक ठरेल. मात्र भाषेच्या बाबतीत त्याचा उपयोग उघड आहे. घरी हिंदी, दखनी, बंजारा किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला मराठीतील ‘ळ’ आणि ‘ण’, जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घाचे भान आणि वाक्याचा उतार व्याकरणाच्या नियमांतून सांगून येत नाही. गाण्यात मात्र प्रत्येक अक्षराला मात्रेने जागा नेमून दिलेली असल्यामुळे उच्चार आपोआप संथ आणि स्पष्ट होतो, आणि चुकले तरी ते पन्नास आवाजांत झाकले जाऊन पुढच्या वेळी दुरुस्त होते. अडखळत बोलणाऱ्या अनेक मुलांना समूहात गाताना अडखळायला होत नाही, हा अनुभव वाचाउपचार तज्ज्ञांच्या चांगला परिचयाचा आहे.

आता स्नेहसंमेलनाकडे वळता येईल. गावच्या शाळेचे स्नेहसंमेलन हा पालकांना, विशेषतः आई आणि आजी यांना, निकालाखेरीज अन्य कारणासाठी शाळेत आणणारा जवळजवळ एकमेव प्रसंग असतो. त्यानिमित्ताने हळदीकुंकू होते, मुलांची आनंदनगरी भरते, भेळ आणि पोहे विकताना तिसरी-चौथीची मुले सुट्या पैशांचा हिशेब शिकतात, शाळा व्यवस्थापन समितीला गावासमोर बोलता येते आणि दहावीच्या मुलांना निरोप दिला जातो. हे सर्व मोलाचेच आहे. परंतु मंचावर जे घडते ते गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले आहे: ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीत वाजते, भाड्याच्या पोशाखातील आठ-दहा मुले त्यावर नाचतात, शहरातून आणलेला नृत्यशिक्षक कोपऱ्यातून खुणा करतो, आणि शाळेच्या संपूर्ण कार्यक्रमात एकाही मुलाचा खरा आवाज ऐकू येत नाही. त्यातच नाच चालू असताना कोणी एकशे एक रुपयांचे बक्षीस जाहीर करतो, ध्वनिक्षेपकावर देणाऱ्याचे नाव गावाच्या आणि पदाच्या उल्लेखासह पुकारले जाते आणि गाणे तेथेच तुटते. या बक्षिसांतून शाळेसाठी पंखा किंवा कपाट येते हे खरे असले, तरी नावे कार्यक्रमानंतर एकत्र वाचता येण्याजोगी असतात. पोशाखाचे भाडे न परवडल्याने प्रेक्षकांत बसलेल्या मुलाला त्या संध्याकाळी शाळेने काय शिकवले, याचा विचार कोणी करत नाही.

समूहगान या दोषांवर उतारा ठरते, पण ते नीट बसवावे लागते, आणि येथे काही तांत्रिक बाबी निर्णायक आहेत. पहिली पट्टीची. पट्टी म्हणजे गायक ज्या स्वराला ‘सा’ धरतो तो स्वर; पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीने पेटीवर काळी एक धरून प्रार्थना सुरू करतात, तेव्हा ती लहान मुलांच्या गळ्याला खाली जाते, मुले पुटपुटतात, आणि आवाज येत नाही म्हणून त्यांना ओरडायला सांगितले जाते. तेच गीत काळी चार किंवा पाचच्या आसपास उचलले की पहिलीची मुलेही न ओरडता गातात. दुसरी बाब आवाज फुटण्याची. सातवी ते नववीच्या मुलग्यांचा कंठ फुटत असताना त्यांचा आवाज घसरतो, वर्ग हसतो, आणि तो मुलगा गाणे कायमचे सोडतो. अशा वेळी त्याला टाळ, डफ किंवा ढोलकी देऊन ध्रुपदापुरते खालच्या सप्तकात गाऊ देणे हा भजनी मंडळांत नित्याचा असलेला उपाय शाळेनेही करावा. तिसरी बाब गैरहजेरीची. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्यामुळे हंगामी वसतिगृहात न राहिलेली त्यांची मुले जानेवारीतील संमेलनाला नसतातच. ज्या शाळेत अशी मुले आहेत तिने एक छोटा गाण्याचा कार्यक्रम दसऱ्यापूर्वी किंवा एप्रिलच्या अखेरीस ठेवणे न्यायाचे होईल.

शासनाच्या धोरणात या विषयाला जागा आहे, परंतु ती कागदावर अधिक ऐसपैस दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा प्रशिक्षक, असावा असे म्हटले आहे. त्याहून लहान शाळांनी काय करावे, याचे उत्तर वर्गशिक्षकाच्या हौसेवर सोडलेले आहे. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय गायन, वादन, लोककला यांत प्रावीण्य दाखविणाऱ्यांना वाढीव गुण मिळतात, हे स्वागतार्ह असले तरी तो गौरव एकेकट्या विद्यार्थ्याचा आहे; वर्षभर परिपाठात सूर धरून ठेवणाऱ्या साठ मुलांच्या खात्यावर त्यातले काही जमा होत नाही.

म्हणून बिडकीन आणि परिसरातील, किंबहुना कोणत्याही गावातील, मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत एवढा बदल करून पाहावा: पहिला कार्यक्रम संपूर्ण शाळेने, रेकॉर्डशिवाय, गणवेशातच गायलेल्या दोन गीतांचा असावा, त्यांतील एक बाहेरून आलेल्या मुलांच्या घरच्या भाषेतले असावे, आणि शेवटचा कार्यक्रम नाथांच्या एखाद्या भारुडाचा ठेवून त्याच्या ध्रुपदात समोर बसलेल्या गावालाही ओढावे. तयारीसाठी परिपाठातली रोजची दहा मिनिटे जून महिन्यापासून पुरेशी होतात, आणि साथीला लागणारे टाळ, मृदंग व ते वाजवणारे हात बहुतेक गावांतल्या भजनी मंडळात आहेतच. त्यांना शाळेचे निमंत्रण तेवढे जायला हवे.