मशीन सुरू होत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने झाड कापायच्या मशीनवर बोलावे, याचे मागच्या रांगेत काहींना हसू येत आहे. ते आम्हाला इथून दिसतंय. हसा, काही हरकत नाही. पण आमचा या विषयाशी संबंध कसा आला तेवढं आधी ऐका.

मागे एकदा मृगाच्या तोंडावर आपल्या नाचणगावात वावटळ सुटली आणि आमच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यावर कडुनिंबाची फांदी पडली. फांदी कसली, अर्धं झाडच ते. टिनाखाली एक कालवड अडकली. आमच्याकडे पेट्रोलवर चालणारा चेनसॉ होता, तो आम्ही मोठ्या रुबाबात बाहेर काढला. शेजाऱ्यांचा पोरगा दोरी ओढायला लागला. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली, पुढे मोजणं सोडून दिलं. कोणी म्हणे चोक लाव, कोणी म्हणे काढ. मशीन काही बोलेना. शेवटी कुऱ्हाड आणि हातकरवत घेऊन चौघांनी फांदी तोडली. कालवड जिवंत निघाली, पण मागच्या पायाने ती आजही लंगडते. डबीतलं पेट्रोल आमचं होतं, दिवाळीच्या आधी ऑइल मिसळून ठेवलेलं. म्हणजे सात-आठ महिन्यांचं. त्या दिवसापासून आम्ही हा विषय शिकतो आहोत.

आता मुद्द्यावर येऊ. ‘मशीन सुरू होत नाही’ एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. इंजिनाला पेटायला तीन गोष्टी लागतात: हवा मिसळलेलं इंधन, ठिणगी आणि दाब. तिन्ही वेळेवर भेटल्या तर ते पेटणारच, त्याला दुसरा इलाज नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा की तिघांपैकी कोण गैरहजर आहे? आमचे नैयायिक धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असं अनुमान करत. त्यांच्याच शास्त्रात परिशेष म्हणून एक रीत आहे: शक्य तेवढी कारणं मांडायची, एकेक खोडत जायचं, उरेल ते धरायचं. मिस्त्री दुसरं काय करतो? फरक एवढाच, की तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आम्ही त्या दिवशी चोक, स्क्रू, प्लग सगळं एकदम हलवलं. मशीन सुरू झाली असती तरी कशामुळे झाली हे कळलं नसतं.

या खटल्यात साक्षीदार एकच, स्पार्क प्लग. सात-आठ वेळा दोरी ओढून झाली की थांबा, प्लग खोला आणि त्याचं टोक बघा.

प्लग ओला निघाला आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल आत पोचतंय, उलट जास्तच पोचलंय. बहुतेक वेळा दोष आपल्या हाताचा असतो. गार मशीनला चोक लावून दोरी ओढायची, ती एकदा ‘फट्’ करून खोकेपर्यंतच. खोकली की चोक काढायचा आणि मग ओढायचं. तो खोकला पुष्कळांना ऐकूच येत नाही. मग चोक तसाच राहतो, पेट्रोल आत साचत जातं आणि ठिणगी भिजते. उपाय सोपा आहे. बटण बंद, चोक बंद, प्लग काढलेला, त्याचं भोक जमिनीकडे. आठ-दहा वेळा दोरी ओढा, साचलेलं बाहेर पडेल. प्लग पुसून वाळवा आणि बसवा. सांडलेलं पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबा. एवढं करूनही सुरू होत नसेल तर प्लग नवा टाका. ठिणगी दिसते का हे बघायला काही जण प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढतात. शेजारी पेट्रोल सांडलेलं असताना हा खेळ करू नका. नवा प्लग त्यापेक्षा फार स्वस्त पडतो.

प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल वाटेत कुठंतरी अडलं आहे. वाट तरी केवढी? टाकी, टाकीतला फिल्टर, रबरी नळी, कार्बोरेटर. तारेच्या आकड्याने फिल्टर बाहेर ओढा. काळा, चिकट झाला असेल तर बदला. नळी वाकवून भेगा पडल्या का बघा. आणि टाकीचं झाकण! त्यात हवेची बारीक वाट असते, ती भुशाने बुजते. मशीन पाच मिनिटं चालून मरते, झाकण सैल करताच ‘फुस्स’ होतं आणि पुन्हा चालू लागते, असं झालं तर गुन्हेगार हातात सापडला म्हणून समजा. हे माहीत नसल्यामुळे नवीन कार्बोरेटर विकत घेतलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

आता आमच्या डबीतल्या पेट्रोलकडे येतो. इथे जमलेल्या वयस्कर मंडळींना लूना आणि जुन्या स्कूटरी आठवत असतील. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मागावं लागे, आणि रुसलेली स्कूटर अंगावर तिरकी करून मग किक मारली जाई. चेनसॉचं इंजिनही त्याच जातीचं, दोन स्ट्रोकचं. त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच त्याला वंगण देतं. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. अंदाजाने, झाकणाने ओतू नये. तेल कमी पडलं तर पिस्टन घासून जातो, मग दाबच उरत नाही. (मशीनला दुसरी टाकी असते ती चेनच्या तेलाची. या दोन झाकणांची अदलाबदल केलेले एक गृहस्थ समोरच बसले आहेत, नाव घेत नाही.)

स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळा असे, म्हणून ती उभीच चालायची. चेनसॉ मात्र आडवा, तिरका, कसाही धरावा लागतो. म्हणून त्यात गोळ्याऐवजी पातळ पडदा असतो, तोच पेट्रोल आत घेतो. हा पडदा मऊ आहे तोवर सगळं ठीक. जुनं पेट्रोल त्याच्यावर चिकट थर धरतं, पडदा ताठ होतो. आणि 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर मिळू लागलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळी हवेत डबी अर्धवट भरून ठेवली, की पाणी पुरेसं झाल्यावर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासकट तळाशी बसतं. तेल वरच्या पेट्रोलातच राहतं. टाकीतला फिल्टर कुठे असतो? तळाशी! म्हणजे इंजिनाच्या तोंडी पहिला घोट येतो पाण्याचा आणि बिनवंगणाचा. त्या दिवशी कितीही दोरी ओढली असती तरी काय होणार होतं?

तेव्हा महिनाभर पुरेल एवढंच मिसळा, डबीवर तारीख लिहा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पडद्यावर पेट्रोल राहत नाही.

मशीन सुरू होते पण रेस दिली की मरते, हे वेगळं प्रकरण. तिथे आधी हवेचा फिल्टर झटकून बघा, आपल्याकडच्या धुळीत तो फार लवकर भरतो. मग सायलेन्सरची जाळी, तिच्यावर काजळी धरते. कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो मिस्त्रीनेच.

बाहेर पाराशेजारी आमची मशीन आणून ठेवली आहे, मुद्दाम प्लग भिजवून. ज्यांना हाताने करून बघायचं आहे त्यांनी यावं. मशीन जमिनीवर ठेवायची, चेनचा ब्रेक लावायचा, मागच्या मुठीत पाय घालून मगच दोरी ओढायची. हवेत लोंबकळती धरून कोणी ओढणार नाही. आणि विड्या इथेच विझवून या.