आग खालच्या गाळ्यात, भरपाई कोणाच्या खिशातून?

हैदराबादच्या नल्लकुंट्यात फीव्हर हॉस्पिटलच्या आसपास अनेक इमारतींची मांडणी सारखीच. खाली रस्त्याला लागून मलग्या, म्हणजे दुकानांचे गाळे, आणि वर मालकाचे बिऱ्हाड. गाळ्यांत कुठे मेडिकल, कुठे झेरॉक्स, कुठे टिफिन सेंटर. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा. त्यात भाडे, डिपॉझिट, लाइटबिल यांचा बारीक तपशील असतो, आगीचा मात्र उल्लेखही सापडत नाही.

‘मालकाचा विमा आहे, आपल्याला काय?’ असे दुकानदार धरून चालतो. हा समज त्याला बुडवू शकतो.

मालकाची पॉलिसी मालकाची इमारत सांभाळते. दुकानातला माल, फर्निचर, फ्रीज तिच्यात येत नाहीत. त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली की ती त्याच्या जागी उभी राहते आणि ज्याच्या चुकीने आग लागली त्याच्याकडून पैसे वसूल करू शकते. यालाच सब्रोगेशन म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या खटल्यात हे तत्त्व सविस्तर मांडले. म्हणजे टिफिन सेंटरच्या गॅस शेगडीपासून भडका उडाला, तर मालकाचा दावा मंजूर झाल्यानंतरही नोटीस भाडेकरूच्या दारात येऊ शकते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा. त्याच्या कलम 108 नुसार आगीने जागा कायमची निकामी झाली, तर करार संपवण्याची मुभा भाडेकरूला आहे. पण आग त्याच्याच चुकीने लागली असेल तर ती मुभा जाते. जागा खाक आणि भाडे चालूच, अशी वेळ येऊ शकते. उलट बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या महाराष्ट्रातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये निकाल दिला की इमारत नाहीशी झाली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही. जळालेल्या दुकानावर मालकाने परस्पर कुलूप ठोकावे, इतके हे सोपे नाही.

मात्र कलम 108 लागू होते ते करारात वेगळे काही ठरलेले नसेल तरच. म्हणून खरी ताकद करारातल्या आगीबद्दलच्या त्या न लिहिलेल्या ओळीत आहे.

अशी ओळ काय करू शकते ते पाहा. इंग्लंडमध्ये 1985 साली निकाल लागलेल्या बर्नी इन्सच्या खटल्यात भाडेकरूच्या निष्काळजीपणाने इमारत जळाली होती. विम्याच्या हप्त्याचा वाटा तो भाड्यासोबत भरत होता, म्हणून तो विमा त्याच्याही हिताचा ठरला आणि कंपनीला त्याच्याकडून वसुली करता आली नाही. आपल्याकडे अशा निकालाच्या आशेवर बसण्यापेक्षा हप्ता कोण भरणार आणि विमा कंपनीने वसुलीचा हक्क सोडला आहे की नाही, हे करारात आणि पॉलिसीतही लिहून घेणेच शहाणपणाचे.

मालकांचीही चूक होते, ती विम्याच्या रकमेत. समजा, इमारत पुन्हा बांधायला 80 लाख लागतील आणि विमा 40 लाखांचाच आहे. नुकसान 10 लाखांचे झाले, तर सरासरीच्या अटीने, म्हणजे विमा जितका कमी त्याच प्रमाणात भरपाई कमी या नियमाने, हातात पाचच लाख पडतात. उरलेल्या पाच लाखांसाठी मालक कोणाकडे वळेल, हे सांगायला नको. 1 एप्रिल 2021 पासूनच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, निम्म्याची नव्हे.

गाळ्यात काय ठेवले आहे, यावरही धोका ठरतो. सप्टेंबर 2022 मध्ये सिकंदराबादच्या रूबी हॉटेलातल्या आगीत 8 जणांचा बळी गेला. आग तळघरात लागली होती, जिथे इलेक्ट्रिक स्कूटर ठेवल्या होत्या, आणि धूर वरच्या खोल्यांत भरला. स्टँडर्ड फायर पॉलिसीत अट असते की जागेचा वापर बदलून धोका वाढला आणि कंपनीची संमती घेतली नाही, तर संरक्षण थांबते. झेरॉक्सच्या गाळ्यात उद्या कोणी स्कूटरच्या बॅटऱ्या चार्ज करू लागला, तर त्याने मालकाला आणि मालकाने विमा कंपनीला आधी लेखी कळवायला हवे. भाडेकरूने मालाचा विमा स्वतःच्या नावाने काढावा आणि इमारतीच्या नुकसानीची आपली जबाबदारी त्यात येते का, हे एजंटला तोंडी न विचारता पॉलिसीच्या कागदावर पाहावे.